बी घरचे, लेखणी घरची

रोहिणी सरत आल्या, मृग तोंडावर आला. या आठ-पंधरा दिवसांत आमच्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरातून दोन खरेद्या व्हावयाच्या आहेत. एक बी-खताची आणि दुसरी पोरांच्या वह्या-पुस्तकांची. पहिल्या खरेदीसाठी बाप तालुक्याच्या दुकानी जाईल, पिशव्यांवरची रंगीत चित्रे पाहील, दुकानदार सांगेल ती पिशवी उचलील आणि पैसे सुगीवर देतो म्हणून वहीत नाव घालून येईल. दुसऱ्या खरेदीसाठी आई हातउसने करील. सुगी झाली की धान्य बाजारात जाईल, त्यातून दुकानदार फिटेल, हातउसने फिटेल, आणि पुढच्या मृगाला बाप पुन्हा त्याच दुकानाच्या पायरीवर उभा राहील. पोराचेही तेच. दहा-बारा वर्षे शिकून ते तालुक्याला जाईल, तेथून जिल्ह्याला. लेखणीची नोकरी हाती लागणार नाही आणि तिफणीचे चाडे धरण्याचे वळण राहिलेले नसेल. घरातून जे जाते ते परत येत नाही, आणि घरात जे येते ते उधारीवर येते. या दोन्ही खरेद्यांचा विचार एकत्र केल्यावाचून शेतकऱ्याच्या घराला बरे दिवस यावयाचे नाहीत, असे आमचे ठाम मत आहे. आज तोच विचार आम्ही वाचकांपुढे मांडीत आहो.

या बाबतीत आम्हांस उपदेश करणारे दोन प्रकारचे लोक भेटतात. एक शहरातले सद्गृहस्थ. सुटीच्या दिवशी ते गावाकडे येतात, हुरडा खातात, पिठले-भाकरीची तारीफ करतात आणि जाताना सांगतात, "तुमचा जुना गाव किती स्वयंपूर्ण होता! सुतार, लोहार, कुंभार, चांभार सगळे गावातच. बाहेरचे काही लागत नसे. त्या जीवनाकडे परत चला." दुसरे उपदेशक आमच्याच घरातले, म्हणजे खुद्द बाप. तो पोराला म्हणतो, "माझ्यासारखा मातीत मरू नकोस. कसाही कर, पण इथून बाहेर पड." पहिल्याला गावाची पूजा करावयाची आहे, तर दुसऱ्याला गावातून पळावयाचे आहे. गाव जेथे आहे तेथे त्याला सुधारावे कसे, हे दोघांपैकी एकही सांगत नाही.

पहिल्या सद्गृहस्थांना आमचा एकच सवाल आहे. जुना गाव स्वयंपूर्ण होता, तर कोणाच्या जिवावर? बलुतेदाराने बारा महिने राबावे आणि सुगीत खळ्यावर उभे राहून पदरात पडेल ते घ्यावे. कामाचा भाव त्याने ठरवावयाचा नाही, काम नाकारावयाचे नाही, आणि बापाचा धंदा सोडून दुसरा धरावयाचा नाही. ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांच्या वाट्याला वेठ आणि उष्टे. महार वतनाचे हे जोखड उतरविण्यासाठी डॉक्टर आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात बिल आणले, आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीपुढे बोलताना त्यांनी या जुन्या गावाच्या गोडव्यांचा खरपूस समाचार घेतला, तो उगीच नव्हे. आणि शेतकरी तरी या गावात सुखी होता काय? गाव एवढा स्वयंपूर्ण होता, तर १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून त्यांची होळी का केली? त्या दंग्यानंतर इंग्रज सरकारास १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जाचा निराळा कायदा करावा लागला. घरात धान्याची कणगी होती, पण कर्जाच्या रोख्यात काय लिहिले आहे ते वाचावयास घरात कोणी नव्हते. अशा स्वयंपूर्णतेला आम्ही दुरूनच रामराम करतो.

आता बापाचे म्हणणे. ज्याचे जळते त्याला कळते, म्हणून त्याच्यावर रागावण्याचा आम्हांस अधिकार नाही. १९७०-७१ साली हिंदुस्थानातील शेतकऱ्याची सरासरी जमीन २.२८ हेक्टर होती, ती २०१५-१६ च्या शेतीगणनेत १.०८ हेक्टरवर आली. म्हणजे जेमतेम पावणेतीन एकर. एवढ्या तुकड्यावर तीन भावांचे तीन संसार चालणार नाहीत. कोणी तरी बाहेर जाणार, आणि गेलेच पाहिजे. परंतु बाहेर जाणे निराळे आणि गावाची लाज वाटून पळणे निराळे. ज्या पोराला लहानपणापासून शेण, माती, नांगर म्हणजे कमीपणा असे शिकविले, ते शहरात गेले तरी मान वर करून जगत नाही. आणि जे मागे राहते ते तर स्वतःला हरलेले समजूनच राहते. बाहेर जाणारा आणि मागे राहणारा, दोघांनाही उपयोगी पडेल असे वळण घरातच द्यावयास पाहिजे. ते कोणते?

महात्मा जोतीराव फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. त्या पुस्तकात अविद्येने शेतकऱ्याचे कसे वाटोळे केले हे तर आहेच. पण पावसाचे पाणी शेतात मुरावे म्हणून ताली-बंधारे घालावे, जनावरांची अवलाद सुधारावी, उत्तम शेती करणारास बक्षिसे द्यावी, अशाही गोष्टी त्यांनी तितक्याच कळकळीने मांडल्या आहेत. एकाच पुस्तकात शाळा आणि शेणखत! कारण लेखणी आणि नांगर या दोन वस्तू दोन निराळ्या माणसांच्या हातांत राहिल्या, यातच आपल्या नाशाचे मूळ आहे, हे त्यांनी ओळखले होते. आमचे सगळे म्हणणे यातच आले.

स्वावलंबन म्हणजे सगळे घरी करणे नव्हे. मीठ, लोखंड, औषध कोणत्याच काळी घरी होत नव्हते आणि होणार नाही. ज्याच्यावाचून पेरणी अडते, चूल अडते किंवा सही अडते, ती वस्तू परक्याच्या हाती न ठेवणे याला आम्ही स्वावलंबन म्हणतो. अशा वस्तू चार आहेत: बी, खत, पाणी आणि हिशेब. या चार किल्ल्या घरात राहिल्या पाहिजेत, आणि त्या सांभाळण्याचे काम पोराबाळांना वयाच्या मानाने वाटून दिले पाहिजे. हेच खरे गावचे वळण.

पहिली किल्ली बियाची. ज्वारीला एकरी सुमारे ४ किलो बी लागते. ४ किलो! खळ्यावर कणसांचा ढीग पडतो, त्यातून ४ किलो बी धरणे ही काय मोठी गोष्ट आहे? उभ्या पिकात हिंडून, शेताच्या मधोमध, निरोगी ताटांची भरगच्च कणसे आधी हेरून ठेवावी, निराळी खुडावी, चांगली वाळवावी आणि राखेत किंवा कडुलिंबाच्या पाल्यात ठेवावी. आपल्या आज्या हेच करीत. मात्र यात एक भेद समजून घ्यावा. संकरित बियाण्याचे धान्य पुढच्या वर्षी पेरले तर पीक एकसारखे येत नाही, तेव्हा ते ठेवण्यात अर्थ नाही. गहू, हरभरा, भुईमूग, सोयाबीन यांच्या सरळ वाणांचे बी घरी धरून दोन-तीन वर्षे खुशाल पेरता येते. सोयाबीनचे बी एकरी सुमारे ३० किलो लागते आणि पिशवीचा भाव आमच्या वाचकांना ठाऊकच आहे. सोयाबीनचे साल पातळ असते, पोते आपटले की कोंब मरतो, एवढे जपले की झाले.

आता यात पोराचे काम काय? शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ओळीने मांडावयाचे, गुंडाळी करून सावलीत ठेवावयाची, रोज पाणी शिंपडावयाचे आणि आठवड्याने उघडून किती मोडले ते मोजावयाचे. सोयाबीनचे सत्तर किंवा अधिक उगवले तर बी पेरणीजोगे. थोडे कमी उगवले तर त्या मानाने बी वाढवावे. निम्मेच उगवले तर ते बी शेतात नेऊ नये. दहा वर्षांच्या पोरीला हे काम येते. शाळेत शेकडेवारीचे गणित जिला कळत नव्हते, तिला ते या गोणपाटावर एका आठवड्यात कळते. आणि बापाची पेरणी वाया जावयाची वाचते ती निराळीच.

कित्येकांना भीती वाटते की बी राखणे हा काही गुन्हा आहे. तसे मुळीच नाही. २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपल्या शेतातले बी राखण्याचा, पेरण्याचा, वाटण्याचा, अदलाबदल करण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. फक्त संरक्षण मिळालेल्या वाणाचे बी छापील पिशवीत, नावाची चिठ्ठी लावून विकता येत नाही. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेची पायरी चढल्या नाहीत. त्यांनी घराघरांतून नाहीसे होत चाललेले गावरान वाण गोळा केले, जपले आणि इतर बायांना वाटले. त्यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली. सरकारने मान दिला ही चांगली गोष्ट. पण त्याहून चांगली गोष्ट अशी की, त्यांनी जे केले ते आपल्या प्रत्येक घरातल्या बाईला करता येण्याजोगे आहे.

दुसरी किल्ली खताची. येथे आम्ही भाबडेपणा सांगणार नाही. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीत सुमारे पावणेएकवीस किलो नत्र असते. चांगल्या कुजलेल्या एक टन शेणखतात ते सुमारे ५ किलो भरते. म्हणजे एका गोणीची बरोबरी करावयास चार टन शेणखत पाहिजे, आणि दावणीला एकच गाय असली तर तेवढे होणे कठीण. म्हणून गोणी आज एकदम टाकून द्या, असे जो सांगतो त्याने हिशेब केलेला नाही. पण गोणी जमिनीला भुसभुशीत करीत नाही आणि तिची ओल धरून ठेवण्याची ताकद वाढवीत नाही. ते काम शेणखताचे. आणि आपले शेणखत उकिरड्यावर उन्हात पडून निम्मे मरते, शेणाच्या गोवऱ्या चुलीत जातात, जनावराचे मूत मातीत जिरून फुकट जाते, उसाचे पाचट आणि तुरीच्या काड्या बांधावर पेटविल्या जातात. हे जळते ते आपले खतच होय. सावलीत खड्डा घ्यावा, पाला-पाचोळा, शेण आणि गोठ्यातली मुतारलेली माती यांचे थर द्यावे, ओल राखावी, वरून मातीने लिंपावे. चार-सहा महिन्यांत खत तयार होते. जोडीला तूर, मूग, उडीद, हरभरा यांचा फेरपालट ठेवावा. पोराला मुगाचे एक झाड मुळासकट उपटून दाखवा. मुळांवर गाठी दिसतील. एक गाठ नखाने फोडली आणि आत लालसर दिसली, म्हणजे ती गाठ हवेतले नत्र धरीत आहे. एवढे पाहिलेल्या पोराला पिकाची फेरपालट म्हणजे अडाणी चाल नव्हे, शास्त्र आहे, हे पुन्हा सांगावे लागत नाही. गोण्या एकदम बंद होणार नाहीत. पण तीनाच्या दोन झाल्या, तरी एका गोणीचे पैसे घरात राहिले.

तिसरी किल्ली पाण्याची. एक सरळ उभ्या काठाचा डबा अंगणात मोकळ्या जागी ठेवावा आणि पाऊस पडून गेला की पोराने पट्टीने पाणी मोजून भिंतीवर लिहावे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका एकरावर सुमारे ४,००० लिटर पाणी. वर्षाला ५०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या दुष्काळी मुलखातही एकरी २० लाख लिटर पाणी आभाळातून उतरते. त्यातले किती मुरते आणि किती आपली माती घेऊन ओढ्याला जाते? हा सवाल पोराने बापाला केला म्हणजे बांधाला माती पडू लागेल.

पण पाण्याचे स्वावलंबन एकट्या घराचे होत नाही. माझी बोअर खोल गेली तर शेजाऱ्याची विहीर आटते. हे स्वावलंबन नसून शेजाऱ्याच्या घरात घातलेला दरोडा आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तेथे पाणी जमिनीच्या मानाने वाटले नाही, माणसांच्या मानाने वाटले. माणशी अर्ध्या एकराचे पाणी, ऊस बंद, आणि ज्याला जमीन नाही त्याचाही पाण्यावर हक्क. नगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने १९९० च्या आसपास असाच निर्धार केला. शेतीसाठी बोअर घ्यावयाची नाही, ऊस लावावयाचा नाही, आणि दर वर्षी गावात किती पाणी आहे ते मोजून पिके ठरवावयाची. पूर्वी रोजगारासाठी गाव सोडून गेलेली कुटुंबे तेथे परत आली. महात्मा जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. पाणी एकाचे नसून सगळ्यांचे आहे, हा धडा आमच्या चळवळीत तेव्हापासूनचा आहे. तो विसरून कोणी स्वावलंबी होऊ म्हणेल तर आडातच नाही ते पोहऱ्यात यावयाचे कोठून?

चौथी किल्ली हिशेबाची, आणि ती सगळ्यांत मोठी. पहिल्या तिन्ही किल्ल्या हाती असून ही हरवली तर घर बुडते. शेकडा तीन रुपये महिना हे व्याज बोलावयास लहान वाटते. ते वर्षाला छत्तीस टक्के होते. व्याज मुद्दलात मिळवीत गेले तर दोन वर्षांत रक्कम दुपटीहून थोडी अधिकच होते. दहा हजार घेतले, चोवीस महिन्यांनी वीस हजारांवर देणे. सातवी-आठवीतल्या मुलाने हे गणित पाटीवर करून बापाला दाखवावे आणि मगच बापाने हात पुढे करावा. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याप्रमाणे परवान्यावाचून सावकारी करणे गुन्हा आहे. पैसे भरल्याची पावती देणे सावकारास बंधनकारक आहे, आणि बेकायदा सावकारीत गेलेली जमीन परत मिळण्यासाठी जिल्हा निबंधकाकडे दाद मागता येते. कायदा आहे. पण ज्याच्या घरात कागद जपलेला नाही त्याला कायदा काय देणार?

म्हणून प्रत्येक घरात एक वही असावी. रोज रात्री जेवणे झाली की घरातल्या शिकत्या मुलाने किंवा मुलीने ती उघडावी आणि आई-बापांनी सांगावे. आज बी इतके, मजुरी इतकी, दूध इतके गेले, उधारी इतकी आली. घरच्या माणसांची राबणूकही मजुरीच्या भावाने मांडावी. कारण ती फुकट धरली जाते म्हणूनच आतबट्ट्याचे पीक फायद्याचे दिसते. वर्षअखेर ही वही बोलू लागते. कोणत्या पिकाने खाल्ले, कोणत्या पिकाने दिले, हे ती सांगते. लग्नाच्या पानावर येऊन ती थांबते तेव्हा तर भल्याभल्यांच्या माना खाली जातात. सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी पहिला विवाह पुरोहितावाचून आणि थोडक्या खर्चात लावून दाखविला. त्याला आता दीडशे वर्षे होऊन गेली. आज जोशीबुवांच्या दक्षिणेची जागा मंडपवाल्याने, बँडवाल्याने आणि जेवणावळीने घेतली आहे. दोन दिवसांच्या मिरवणुकीसाठी दहा वर्षांचे कर्ज, हा हिशेब कोणत्या शहाण्याचा?

सातबारा आणि आठ-अ हे दोन उतारे आठवी झालेल्या प्रत्येक पोरापोरीला वाचता आलेच पाहिजेत. कुलकर्ण्याच्या लेखणीपायी रयतेने किती सोसले हे जाणून शाहू छत्रपतींनी १९१८ साली करवीर राज्यात कुलकर्णी वतने बरखास्त केली. २०२१ पासून आपल्या राज्यात पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर करावयाची सोय झाली आहे. म्हणजे ज्या लेखणीसाठी आपले वडील झगडले ती आज पोराच्या खिशात आहे. त्या मोबाइलवर पोर रात्रभर चित्रे पाहत बसले आणि पिकाची नोंद राहून गेली, नुकसानभरपाई हुकली, तर दोष कोणाला द्यावयाचा?

आमचे कारागीर वाचक म्हणतील, हे सगळे जमीनवाल्यांचे झाले. आमचे काय? त्यांना आमचे सांगणे असे की, तुमच्या चार किल्ल्यांची नावे निराळी आहेत: कसब, हत्यार, माप आणि नाव. कसब तुमच्या घरात आहे. पण मुलाला तेवढेच दिले तर तो पुन्हा बलुतेदार होईल. सुताराच्या मुलाला नकाशा वाचता यावा, लोहाराच्या मुलाला जोडकाम आणि यंत्राची दुरुस्ती यावी, कुंभाराच्या मुलीला आपल्या मालाची किंमत मांडता यावी. कोल्हापुरी चपलेचेच पाहा. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्र आणि कर्नाटकातील ठरावीक जिल्ह्यांतील कारागिरांखेरीज दुसऱ्याने ते नाव लावावयाचे नाही, असा तो हक्क आहे. तरी २०२५ साली इटलीतील एका बड्या पेढीने तसल्याच चपला आपल्या म्हणून मिरविल्या, आणि ओरड झाल्यावर त्यांचे मूळ कोल्हापुरी असल्याचे कबूल केले. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी कातडे कमावले, त्यांच्या हाती कसब होते पण नावाचा कागद नव्हता, तोवर कोणी त्यांना विचारले नाही. आता कागद आहे, पण तो वाचून त्यावर हक्क सांगणारी पिढी घरात घडली पाहिजे. आणि ज्या मुलाला बापाचा धंदा नको असेल, त्याला दुसरा धरण्याची पूर्ण मोकळीक असली पाहिजे. जातीने धंदा ठरविणे हे स्वावलंबन नव्हे, ती कैद आहे.

मुलींविषयी दोन शब्द स्पष्ट बोलले पाहिजेत. घरात बी कोण राखते? शेण कोण काढते? पाणी कोण भरते? बाई. आणि सातबाऱ्यावर नाव कोणाचे? बहुतेक घरांत एकट्या पुरुषाचे. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू कुटुंबातील मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क दिला आहे. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली, तेव्हा कित्येक गावांतील शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा हिस्सा बायकोच्या नावे करून दिला. जे तेव्हा झाले ते आज का होऊ नये? मुलीकडून हक्कसोड लिहून घेणारा भाऊ सावकाराला शिव्या देतो, तेव्हा आम्हांस हसावे की रडावे कळत नाही.

आता एक इशारा. घरचे वळण म्हणजे पोराला शाळेतून काढून रानात राबविणे नव्हे. शंभर दाणे मोजणे, डब्यातला पाऊस लिहिणे, वही मांडणे, झाडाला पाणी घालणे हे वळण आहे. दिवसभर खुरपे देऊन बसविणे ही लूट आहे, मग ती आई-बापांनी का केलेली असेना. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला आहे. तरी दर वर्षी दसरा-दिवाळीनंतर बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीची बिऱ्हाडे निघतात आणि त्यांच्याबरोबर हजारो पोरे शाळा टाकून फडावर जातात. त्यांच्या घराला आम्ही कोणत्या तोंडाने परसबाग आणि खतखड्डा सांगावा? तेथे आधी गावातच हंगामी वसतिगृह पाहिजे, आजी-आजोबांजवळ राहून शिकण्याची सोय पाहिजे. ज्यांच्या गावात अशी बिऱ्हाडे आहेत त्यांनी ती निघण्यापूर्वी सरपंचाला आणि गुरुजींना जाऊन भेटावे. ते पुण्य पंढरीच्या वारीइतकेच आहे.

हात आणि लेखणी एकत्र नांदू शकतात काय, अशी शंका ज्यांना असेल त्यांनी साताऱ्याकडे पाहावे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह उघडले. तेथे सगळ्या जातींची मुले एका पंगतीला जेवत, स्वतः दळीत, रांधीत, शेत कसीत आणि शिकत. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवले नाही. 'कमवा आणि शिका' ही गोष्ट तेथे पुस्तकात नव्हती, रोजच्या भाकरीत होती. त्या मुलांतून पुढे शिक्षक झाले, अधिकारी झाले, आणि चांगले शेतकरीही झाले. हात काळे झाले म्हणून कोणाची बुद्धी काळी झाली नाही.

शेवटी सरकारविषयी. आम्ही स्वावलंबन सांगतो म्हणून सरकारने हात झटकावे असा अर्थ कोणी काढू नये. मालाला खर्चाच्या वर भाव, वेळेवर पीककर्ज आणि गावात शाळा ह्या आमच्या मागण्या कायम आहेत. शाहू छत्रपतींनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याचा हुकूम काढला. त्याला शंभर वर्षे उलटल्यावर, २०२३ साली, वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचा विचार सरकारने पुढे आणला. पट कमी म्हणून वाडीची शाळा मिटली तर पहिली मुलगी घरी बसेल, हे सांगावयास ज्योतिषी नको. अशा वेळी गावाने गप्प बसू नये. मात्र मागावयास जाणारा माणूस स्वतःच्या पायावर उभा असला तरच त्याच्या मागण्याला वजन येते. ज्याचे बी दुकानात, जमीन गहाण आणि हिशेब दुसऱ्याच्या वहीत, त्याचा मोर्चा संध्याकाळपर्यंतच टिकतो.

तेव्हा, शेतकरी आणि कारागीर बंधु-भगिनींनो, या मृगापूर्वी एवढेच करा. घरात जे बी असेल त्यातले शंभर दाणे आज रात्री पोरांच्या हाती द्या आणि मोजून गोणपाटात घालावयास सांगा. वह्यांच्या खरेदीत एक वही जास्त आणा, तिच्यावर घरातल्या सगळ्यांची नावे घाला, आईचे पहिले घाला, आणि त्याच रात्री तिच्यात पहिली ओळ लिहा. आठ दिवसांनी गोणपाट उघडाल तेव्हा किती कोंब फुटले ते त्या वहीत मांडा. चाड्यावर मूठ धरण्यापूर्वी घरात झालेली ही पेरणी ज्या घरात साधेल, त्या घरची पोरे पुढे गावात राहोत की मुंबईस जावोत, ती कोणाच्या पायरीवर मान खाली घालून उभी राहणार नाहीत, अशी आमची खात्री आहे.